दोन मिनिटं चोवीस सेकंद

बरबँकमध्ये मी ट्रेलर कापते त्या खोलीला खिडकी नाही.
दुपार झाली हे एसीच्या जाळीतून येणाऱ्या
टॅकोच्या गाडीच्या वासावरून कळतं.

या सिनेमात सतरा गाणी आहेत.
लॉर्ना म्हणाली, "शोघिक, एकही ऐकू येता कामा नये."
लॉर्ना दुष्ट नाही. तिच्याकडे कागद आहेत.
डेटनच्या मॉलमध्ये तीनशे बारा माणसांना
फुकटचे पॉपकॉर्न देऊन बसवलं होतं,
आणि पहिल्या गाण्याला एकेचाळीस जण उठले.
एकाने जाताना कार्डावर लिहिलं, पेन्सिल दाबून:
"बरी बोलत होती. मधेच हे काय?"

गोष्ट अशी: एका गार बंदरात फेरीबोट चालवणारी बाई.
नवरा समुद्रावरून परतलेला नाही,
आणि जेव्हा जेव्हा कुणी त्याच्याबद्दल विचारतं
तिला गाण्यावाचून उत्तर देता येत नाही.
आमच्या पोस्टरवर ती टॉर्च धरून उभी.
खाली लाल अक्षरांत: तिला काय माहीत आहे?

तर मी कापते.
ती धक्क्यावर येते. वारा. ओठ विलग होतात,
छाती भरते —
कट. भोंगा. काळा पडदा.
ती वळते, गळ्याची शीर ताणली जाते —
कट. दार आपटतं.
नाचणारे चाळीस खलाशी मी असे तोडलेत
की वाटावं, कुणापासून तरी पळताहेत.
दोन मिनिटं चोवीस सेकंद
सगळं गाव तोंडात मूग धरून.

कापलेलं मला फेकवत नाही.
सुरांचे हक्क स्टुडिओचे, ते त्यांच्याकडे.
पण सुराआधीचा श्वास कुणाच्याच करारात नाही.
ते सतरा तुकडे मी एका फोल्डरमध्ये ठेवलेत.
एखादा जेमतेम अर्ध्या सेकंदाचा.
नवव्यात मागे कुणीतरी खुर्ची सरकवतं.

आई गेली तेव्हा ग्लेनडेलच्या घरी माणसं आली,
कॉफी झाली, ताटं झाली,
बाबा कुणाशी एक शब्द बोलले नाहीत.
सगळे पांगल्यावर, कोट विसरले म्हणून मी परतले,
तर ते सिंकपाशी, नळ सोडलेला,
एकच कप पुन्हा पुन्हा धूत होते
आणि गात होते.
बेसूर. जाड तळव्यात दाभण अडावं तसा आवाज.
आयुष्यभर लोकांचे बूट शिवलेला माणूस.
मी कोट न घेताच निघाले.

डेटनचं ते कार्ड माझ्या मॉनिटरला चिकटवलेलं आहे.

शुक्रवारी तिकीट काढून गेले.
पहिली ओळ लागली तसं मागून कुणी म्हणालं,
"अरे देवा, गातायत."
हसू, एक शिवी, मोबाइलचे उजेड.
माझ्या रांगेतला एक जाडसर गडी उठला,
माझ्या गुडघ्यांवरून, सोड्याचा पेला सांभाळत
पायऱ्यांपर्यंत गेला, आणि का कोण जाणे
तिथेच बसला. पेला मांडीवर.
शेवटची नावं सरेपर्यंत तसाच, वाट अडवून.

सोमवारी लॉर्नाचा फोन. आकडे बरे आले होते.
लोक गाडीत, पार्किंगमध्ये,
चुकीचे शब्द घालून गातायत म्हणे.
"आता गाणी घाल. पंधरा सेकंद.
जणू पहिल्यापासून आपण हेच विकत होतो."
बोलता बोलता ती मधेच गुणगुणत होती,
तिला पत्ता नव्हता. मीही सांगितलं नाही.

फोल्डर उघडला.
आधी कुठला सोडावा?
नववा लावला.
खुर्ची सरकली.