आसनसंख्या

फॉर्म विचारतो: खरेदी स्वतःसाठी की इतरांसाठी?
मी 'इतरांसाठी'वर टिचकी मारते.
एकोणीस वर्षं हेच करत आलेय.
भट्टीचा गॅस, ब्रश, कोबाल्टची पूड, संडासातला कागद,
सगळं इतरांसाठी.
आता ही सहा आसनं.

आसन म्हणजे खुर्ची नव्हे, हे फाउस्तूला
दोनदा समजावलं. त्याला वाटलं ट्रक येईल,
गायाच्या या चढावर तो उभा कुठे करायचा.
नाही रे, परवाना. आपल्या चित्राच्या प्रोग्रामला
जोडायचं एक ठिगळ. त्याला फुटक्या टाइलचा फोटो द्यायचा,
गेलेली वेल ते पुढे काढून दाखवतं.

दोन वर्षं एकाच परवान्यावर भागवलं सगळ्यांनी.
परवाना फाउस्तूच्या नावावर,
फाउस्तूचा संगणक नदीकडच्या खिडकीपाशी,
आणि खिडकीपाशी रांग.
रांगेत बेल्मीरूच्या बायकोचा गुडघा बरा झाला,
रांगेतच किटेरियाचं लग्न ठरलं, आणि मोडलं.
पासवर्ड कुणी कुणाला विचारत नव्हतं,
तो भिंतीवर चिकटपट्टीनं लावलेलाच होता:
फाउस्तूच्या कुत्रीचं नाव, पुढे एक दोन तीन.

मग कंपनीचं पत्र आलं. सभ्य होतं.
'आपल्या एका सदस्याने मार्च महिन्यात
चारशे दहा तास काम केल्याचे आढळले.'
फाउस्तू म्हणाला,
एवढा कामसू मी लग्नाआधीसुद्धा नव्हतो.

पाचाच्या पुढे सूट, म्हणून सहा.
तेवीस टक्के कर, म्हणून सूट करात गेली.
प्रत्येक आसनापुढे पूर्ण नाव हवं,
तेव्हा कळलं, बेल्मीरूला मधली तीन नावं आहेत
आणि त्यातलं एक त्याला आवडत नाही.
झुल्मिरा म्हणाली, माझं घालू नकोस.
माझ्या हाताला वेल येते.
तरी घातलं. पाच जणांची पानं मांडून
सहावीला उभं ठेवायचं,
हे मला जमलं नसतं.

सोमवारी ज्याची त्याला किल्ली मिळाली.
मंगळवारी रांग नव्हती.
खिडकीपाशी एक स्टूल, त्यावर कुणाचा तरी
थंड झालेला कॉफीचा कप,
आणि सहा टेबलांवर सहा जण, कानात काहीतरी घालून.
काम दुप्पट झालं, हे खरंच आहे.
किटेरियाचं पुढे काय झालं
ते मला आता पगाराच्या फॉर्मवरून कळतं.

वर्ष भरत आलं की अहवाल येतो: कुणी किती वापरलं.
किटेरिया, तीनशे चाळीस तास.
बेल्मीरू, तीनशेच्या आतबाहेर.
फाउस्तू नऊ, तो हल्ली भट्टीपाशीच असतो.
झुल्मिरा, सहाशे सत्याऐंशी.
रात्री अकरा ते एक. घरून.

तीच झुल्मिरा, जी दिवसा सगळ्यांसमोर सांगते
की यंत्राच्या वेलीला मूळ नसतं.

अहवालात चित्रं दिसत नाहीत, फायलींची नावं दिसतात.
जिना.
जिना दोन.
जिना, चौथी पायरी.
जिना पुन्हा.
जिना, असा नव्हता.

कुठला जिना, कुणाच्या घरातला,
मी विचारलं नाही.
खरेदी करणाऱ्या बाईला बरंच दिसतं,
तिनं ते बिलांच्या फाइलमध्ये लावून ठेवायचं असतं.
अहवाल मिटला. झाकली मूठ.

कंपनी सुचवते: फाउस्तूचे आसन काढा, बचत होईल.
संख्येच्या चौकटीत मी सहा लिहिते.

जेवणाच्या सुट्टीत झुल्मिरा समोर येऊन बसली.
ते खेळणं वर्षाला कितीला पडतं गं, ओंदीना?
मी आकडा सांगितला.
ती सूप ढवळत राहिली.
चोर आहेत मेले, म्हणाली.
मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता:
पण एकदम बंद नको करूस.
पोरांना सवय झालीय.