ड्रम कुठल्या बाजूला

इमिंगहॅम बंदर, नोव्हेंबर, क्रेन नंबर चार.
हंबर नदी आज चहाच्या गाळाच्या रंगाची
आणि वारा असा, की जिना चढताना
हेल्मेटचा पट्टा दातांत धरावा लागतो.

मशीनघरात जुन्या ग्रीसचा वास,
आणि ऑडलिंग, गुडघ्यांखाली पोतं घेऊन,
मोटर आणि गिअरबॉक्समधल्या
हातभर जागेत डोकं खुपसलेला.
तिथंच असतं कपलिंग:
आठ खुंट्या, आठ रबरी बुश,
आणि त्याच्याच अंगाला धरून
ब्रेकच्या दोन गालांमध्ये बसलेला बिडाचा ड्रम.

"दोन शाफ्ट एका रेषेत फक्त कागदावर असतात,"
हे तो मला सात वर्षं सांगतोय.
तापले की फुगतात, बोजा आला की वाकतात,
क्रेनचे पायसुद्धा पाण्याकडं कलतात थोडे.
म्हणून मध्ये रबर.
सोसायचं ते त्यानं.

मी डायल लावते, तो हातानं ड्रम फिरवतो.
काटा बारावर, चौदावर, परत बारावर.
मिरजेच्या आयटीआयमध्ये फाटक सर
एवढ्या फरकाला "दोन केस" म्हणायचे
आणि मोटरच्या पायाखाली पत्र्याची चकती सरकवून,
"घ्या, जुळलं सूत."

मी ते मोठ्यानं म्हटलं असणार.
"सूट?" ऑडलिंग विचारतो.
सूत. म्हणजे धागा.
शिवाय इंचाचा आठवा भाग.
शिवाय दोन माणसांचं पटणं.
पाना हातात तसाच धरून तो बसून राहतो.
"आमच्याकडं तीन शब्द लागतात," म्हणतो,
"त्यातला शेवटचा मला कधी नीट आला नाही."

त्याच्या बायकोबद्दल मला एवढंच ठाऊक:
तिचं नाव मेव्हिस, ती क्लीथॉर्प्सला बहिणीकडं राहते,
आणि दर शुक्रवारी हा तिथं जाऊन बॉयलर बघतो.
त्या बॉयलरला काही झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

पहिल्या वर्षी त्यानं विचारलं होतं,
ड्रम कुठल्या बाजूला?
मोटरच्या, मी म्हटलं.
जो पळतो त्यालाच आवरायचं ना?
काही न बोलता त्यानं वर्कशॉपमधल्या जुन्या विंचच्या
आठही खुंट्या उपसल्या आणि ब्रेक टाकला.
मोटर अगदी शहाण्यासारखी उभी राहिली.
पलीकडं अर्ध्या टनाचं वजन
कुणाचीच ओळख नसल्यागत
वाळूच्या पोत्यांवर उतरलं.
"रबर तुटणारच," तो म्हणाला होता,
"तुटेल तेव्हा ब्रेक कुणाच्या हातात हात घालून आहे, ते बघ."

आणि आज, चौदाचा आकडा वहीत लिहिताना
माझा हात थांबला.
ड्रम मोटरच्या बाजूला होता.

जुलैत बाहेरची माणसं आली होती, त्यांनी बसवला.
दोन्ही शाफ्टांचं माप सारखं,
म्हणून चूकही तंतोतंत बसली.
चार महिने. याच हुकाखालून
स्टीलच्या गुंडाळ्या गेल्या, रशियन बोलणारे खलाशी गेले,
आणि डबा घेऊन रोज आडवाटेनं जाणारा डॅरिल,
ज्याला आम्ही दोघंही ओरडतो.

लाल पाटी लावली. हब तापवून ओढले,
सगळं उलटं करून बसवायला अंधार पडला.
आठांतले तीन बुश चिरलेले निघाले.
पाच जणांनी आठांचं काम केलं होतं.
एक मी खिशात टाकला, का ते माहीत नाही.

वहीत कारणाच्या रकान्यात
मी बरंच काही लिहायला घेतलं.
ऑडलिंग म्हणाला, "ड्रम भाराच्या बाजूला घेतला. बास."
मग चिंधीला हात पुसत राहिला,
पुसून झाल्यावरही.

फाटकाशी त्याची गाडी माझ्यापुढं होती.
घरचा रस्ता डावीकडं.
तो उजवीकडं वळला, क्लीथॉर्प्सला.
गुरुवार होता.