पाच दिवसांचं पुरुमेंत

चोर्ल्याच्या घाटात दरड कोसळली
ही बातमी दिवाडीच्या फेरीबोटीतून उतरली
आणि स्कूटरवाल्यांच्या आधी माझ्या दुकानात शिरली.
बेळगावचे ट्रक अडकलेत, एवढंच खरं होतं.
बाकीचं धक्क्यापासून दुकानापर्यंतच्या
वाटेवर वाढलं:
दूध नाही, कांदा नाही, महिनाभर गॅस नाही,
पणजीत म्हणे तांदळाला रांगा.

मी तराजू पुसला.
चाळीस वर्षं या गल्ल्यामागे बसून
एवढं कळलंय:
माणूस काय नेतो यावरून त्याची भूक कळत नाही,
भीती कळते.

तातू च्यारीने दहा किलो साखर नेली,
ज्याला डॉक्टरने साखरेचं नावसुद्धा घेऊ नको म्हटलंय.
बँकेतल्या मॅडमनी नूडल्सचा अख्खा खोका.
रोकीने मेणबत्त्या, तीन डझन.
वीज जाईल असं कुणी म्हटलंच नव्हतं.
आणि मीठ! मिठाची एक पिशवी उरली नाही,
तीही या बेटावर, जिथे भरती आली की
विहिरीचं पाणीसुद्धा मचूळ लागतं.

"एका घराला दोन किलो" असं पुठ्ठ्यावर लिहून टांगलं.
तर एकाच घरातून चौघं आली,
चार पिशव्या घेऊन,
एकमेकांना न ओळखल्यासारखी.

बाबांच्या वेळची वही अजून माळ्यावर आहे.
नाकेबंदीची वर्षं. बेळगाव तेव्हाही बंद होतं,
पण दरडीने नव्हे.
बटाटे बोटीने यायचे, समुद्रापलीकडून,
गुळगुळीत, चवीला साबणासारखे, असं बाबा सांगत.
एका पानावर एवढंच:
"तांदूळ, पोतं एक. आत ठेवलं."
नाव नाही. किंमत नाही.
चार पानं उलटल्यावर:
"सोंडे झाले. गुरांना घातलं."
यावर बाबा कधी बोलले नाहीत.
बटाट्यांवर मात्र पुष्कळ बोलत.

म्हणून असेल, किंवा नुसता वेंधळेपणा,
मी आत काहीच ठेवलं नाही.
तिसऱ्या रात्री कुंदा रिकामा डबा उपडा धरून म्हणाली,
"गावाला वाढलंत. आता आपण काय, तराजू खायचा?"

चौथ्या दिवशी एर्मेलिंदा आली.
ती माझ्याकडून काडेपेटीपलीकडे फारसं काही नेत नाही.
मे महिन्यातच तिचं घर भरलेलं असतं:
माठात उकडे तांदूळ, बरणीत सोलं, गलमो,
राखेत घोळवलेल्या आठळ्या,
चुलीवरच्या दोरीला खारे बांगडे.
घाबरून नव्हे. सवयीने,
जशी ती तिन्हीसांजेला कोंबड्या कोंडते.

रिकाम्या फळ्यांकडे तिने पाहिलं. हसली नाही.
पिशवीतून दोन शेर उकडे काढले,
मूठभर सोलं, वर्तमानपत्रात चार बांगडे.
"पयशे नाकात," म्हणाली. "वहींत बरय."
लिही, म्हणजे.

मी वही उघडली, सवयीने तिचं पान काढलं,
आणि थांबलो. तिचं पान कसं लागेल?
शेवटचं कोरं पान शोधून
माथ्यावर लिहिलं: सगुण वेरेकर.
आपलंच नाव, पण अक्षर हललं.
ती उभी राहून बघत होती,
मापात काही चुकत तर नाही ना.

पाचव्या दिवशी दुपारच्या बोटीने कांदा आला,
निम्मा सडका.
संध्याकाळी तातूची सून, आवाज खाली घेऊन:
साखर परत घ्याल का, मुंग्या लागल्यात.
घेतली. सहा किलो भरली.
उरलेल्या चाराचं विचारलं नाही.

माझं पान तसंच आहे.
पैसे नेले तर ती घेणार नाही,
तांदूळ न्यावा तर तिचा माझ्यापेक्षा चांगला.
नाताळात तिच्याकडून नेवऱ्यांचं ताट आलं.
मी तेही लिहिलं.