रकाना सातवा

कुमासीच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
क्ष-किरणांच्या खोलीला लागून माझं टेबल.
एक पाय अधू, त्याखाली पुठ्ठ्याची घडी.
बावीस वर्षं मी बायकांची वयं लिहिते आहे.

पोकुवा आली. आधी वस्त्राच्या टोकाची गाठ सोडली,
सुटे सेदी मोजले, परतीच्या गाडीचे बाजूला काढले,
मग म्हणाली, दुसरी गाठ इथे आहे.
वय? धाकटी रांगायला लागली, ती म्हणाली.
एकतीस, मी लिहिलं.
ब्लाउजवर दुधाचा ओला डाग.
दूध साकळलं असं वाटून आईने शेक दिला,
सासूने पाल्याचा लेप,
आठ महिने.

रकाना पाच: मुलं किती?
जन्मलेली की जगलेली, सगळ्याच विचारतात.
चौकट एकच, बोटभर रुंद.

रकाना सहा: अंगावर किती दिवस पाजलं?
पुढचं येईपर्यंत, डुफी म्हणते.
आणि मेलेल्या बहिणीचं पोर? तेही धरायचं का?
मी पेन वर धरून बसते. शाई सुकते.

रकाना सात: पाळी. चालू, की थांबली?
ज्या साली कोकोच्या शेंगा झाडावरच काळ्या पडल्या
त्या साली थांबली, अब्राफी हसते,
त्या साली गावात सगळंच थांबलं होतं.

कोनाडूबाई अठ्ठावन्न वर्षांच्या, लग्न केलं नाही.
पाचव्यात मी शून्य काढणार
तर पेन माझ्या हातातून घेऊन त्यांनी लिहिलं:
इयत्ता चौथी, चौतीस वर्षं.

नवा डॉक्टर आलेख दाखवतो.
लवकर मूल, पुष्कळ मुलं, लांबलेलं पाजणं,
पुढच्या आयुष्याला त्याची राखण असते म्हणे.
पण बाळंतपणानंतरची काही वर्षं दार किलकिलंच राहतं.
तिकडे हा डोंगर साठीपाशी चढतो, तो म्हणाला,
आपल्याकडे बघा, पंचेचाळिशीतच.
मी म्हटलं, डॉक्टर, जरा बाजारात जाऊन या.
साठीच्या किती दिसतात ते मोजा.
माणसं जिथे उभी, डोंगर तिथेच दिसणार.
तो गप्प झाला. मग समासात लिहून घेतलं,
पेन्सिलीने.

मी एक्कावन्नची.
पंख्याखाली बसूनही मानेवरून घाम ओघळतो.
चार महिने काही नाही, मग एकदम दोन दिवस.
चालू आणि थांबली यांच्यामध्ये
छापणाऱ्याने जागाच ठेवलेली नाही.

तिसऱ्या सलाइननंतर पोकुवा पुन्हा आली,
डोक्याला घट्ट रुमाल, भुवया पुसल्यासारख्या.
सहाव्यात नऊ महिने लिहा, म्हणाली,
मी तोडलं नाही, तोडायला लावलं. ते कुठे लिहाल?
आणि सातव्यातलं खोडा.
औषधाने थांबलीय.
परत येईल का, हे कुणी धड सांगत नाही.

मी खोडत नाही. शेजारी लिहिते, तारीख घालून.
एकतीस. थांबली.
तेवढ्यात धाकटी, आता चालते ती,
टेबलाखालची पुठ्ठ्याची घडी ओढून पळाली.
टेबल कललं, आणि थांबली शब्दावरची रेघ
रकान्याबाहेर गेली,
पार समासापर्यंत.