मधला तक्ता

मिरचीच्या हंगामात नंदुरबारला
खिडकी उघडी ठेवून कोणी टाइप करत नाही.
मी ठेवली होती.
शिंक आली की बोट घसरतं,
नको तिथे अर्धविराम पडतो
आणि कोडला ठसका लागतो.

पतपेढीचं काम एवढंसं :
देठ खुडणाऱ्या बायांचा फॉर्म.
नाव, वय, पाडा, अंगठा
आणि एक रकाना – पथारी.
मी तिथे ड्रॉपडाउन टाकला.
उघडायचा, एक निवडायची, मिटायचा.

ठुमलीबाई वळवी टेबलापुढे उभी.
नखांत लाल, पदर नाकावर.
"मी काय एकज पथारीनी से का?
सकायले आठे, दुपारले तठे."
हिलालभाऊ चष्म्यावरून बोलले,
"आणि पथारीवर काय ही एकटीच?
दीडशे बसतात. निम्म्या उद्या भलतीकडे."

बाईच्या ओळीत मावेना,
पथारीच्या ओळीत मावेना,
म्हणून मधे एक तिसरा तक्ता.
त्याला नाव नाही, पाडा नाही,
नुसते दोन-दोन आकडे शेजारी बसलेले :
४१, ७
४१, १२
५८, ७
एक्केचाळीस कोण, सात कुठे,
त्याला विचारून उपयोग नाही.
त्याला एवढंच ठाऊक, की आहे.

रकाना बदलला. एकाऐवजी अनेक.
चौकटीच चौकटी, हव्या तेवढ्या खुणा.
उघडून पाहते तर यादी म्हणते,
पथारी वस्तू १, पथारी वस्तू २,
अशी सत्तावीसपर्यंत.
हाक कशी मारायची, हे यंत्राला सांगायचं राहिलेलं.
मालकांची नावं भरली,
तर बायांना एकही ओळखीचं नाही.
मग ठुमलीबाई सांगत गेली, मी भरत गेले :
लंगड्या कुत्र्याची.
बोअर आटलेली.
फाटकापलीकडची, जिथं मुकादम शिव्या देत नाही.

नवी बाई आली. चौकटी भरल्या, जतन दाबलं.
यंत्र अडलं : हिला अजून आकडाच नाही.
आधी बाई जतन करा,
मग तिची नाती.
मी हसले. आमच्याकडे उलटा क्रम,
कोणाची, कुठली, कोणासोबत आली,
आणि सगळं झालं की,
बरं, नाव काय म्हणालीस?

मंगळवारी हिलालभाऊंनी वयं दुरुस्त केली.
फक्त वयं.
पण दुरुस्तीचा फॉर्म रिकामा उघडत होता.
जुन्या खुणा आधी दाखवायच्या,
ती एक ओळ माझ्याकडून राहिली.
रिकाम्या चौकटींचा अर्थ यंत्रानं घेतला : काही नाही.
संध्याकाळपर्यंत त्रेचाळीस बाया
कुठल्याच पथारीच्या नव्हत्या.
लाल रेघ नाही, इशारा नाही.
खाली हिरव्या अक्षरांत : यशस्वी.

सकाळी रांग लागली.
ठुमलीबाई माझ्या खुर्चीला टेकून उभी,
तोंडपाठ सगळं.
ही माझ्या मागं बसते, बोअरवालीवर.
हिचं पोर लंगड्याच्या पथारीवर पोत्यांत निजतं.
ह्या दोघींचं भांडण आहे, तरी एकाच ढिगाला बसतात.
मी खुणा करत गेले.
मधला तक्ता पुन्हा भरत गेला,
आकड्याला आकडा लागून.

शेवटी झेलीबाई पाडवी.
दोन चौकटी झाल्या, तिसरीवर माझं बोट,
तर तिनं मनगट धरलं.
"ती नको.
तिथला हप्ता मी मागितला, तर म्हणाले, तू आलीच नव्हतीस."
तिच्या हाताची आग
माझ्या मनगटावर दुपारपर्यंत राहिली.

चौकट रिकामी ठेवली.
माझ्या चुकीनं राहिलेली रिकामी
आणि झेलीबाईनं ठेवलेली रिकामी,
तक्त्याला दोन्ही सारख्याच,
ओळच नाही, तर फरक कुठून असणार.

मी कागदी वही काढली.
तारीख टाकली. ५८, १९.
पुढे काय लिहावं, सुचेना.
खिडकीतून एक शिंक आत आली.