मातीची भर

नोव्हेंबरात पानं झडली की
बाबा वेली जमिनीवर आडव्या करायचे
आणि नांगराच्या दोन फेऱ्यांत त्यांना मातीची भर लावायचे.
शेजारचा बोदोआँ, गायवाला, कुंपणाशी थांबून विचारायचा,
"काय तेलेस्फोर, कोण गेलं?"
दरवर्षी तोच विनोद.
बाबा दरवर्षी हसायचे.

क्वेबेकात, जिथे जानेवारीत पारा उणे एकतीसला जातो,
टेकडीच्या दक्षिण उतारावर बाराशे वेली.
लोक सफरचंदं लावत होते, शहाणे लोक.
पहिली वाइन इतकी आंबट की
फादरनी घोट घेऊन डोळे मिटले,
आम्हाला वाटलं प्रार्थना करताहेत.
बाबा म्हणाले, "आंबट आहे. पण इथली आहे."

या जानेवारीत बाबा गेले.
जमीन चार फुटांपर्यंत दगड.
ओमेरनं कबरीच्या जागी कुदळ मारून बघितली,
ठिणगी उडाली.
म्हणून त्यांना ठेवलं चर्चमागच्या दगडी खोलीत,
दोन म्हाताऱ्या आणि एका लाकूडतोड्याशेजारी,
मे येईपर्यंत.

असं उलटं होऊन बसलं:
वेली जिवंत, आणि मातीखाली.
बाबा नाहीत, आणि मातीवर.
रात्री बर्फ पडताना ऐकू येत नाही, पण कळतं.
जास्त थंडी कुणाला वाजत असेल
ते मला ठरवता येईना.

एप्रिलच्या शेवटी एलेउतेरियो आला,
ग्वातेमालाहून, सातव्या वर्षी.
टोपी काढून थोडा वेळ उभा राहिला,
मग फावडं घेतलं.
शेवटची माती आम्ही हातांनी सारली,
डोळे मोडू नयेत म्हणून.
मग नखानं एखादा डोळा चिरून बघायचा:
आत हिरवा असेल तर आहे,
तपकिरी असेल तर गेला.
दहातले सहा हिरवे.
बाबांच्या वहीत याला "बरं वर्ष" म्हणतात.

सतरा मेला बाबांना माती दिली.
सगळे मागे वळल्यावर एलेउतेरियोनं
कडेची माती बुटानं दाबली,
सवयीनं, वेलीची दाबतात तशी.
मी पाहिलं. बोलले नाही.

परतताना गाडीतला रेडिओ म्हणाला,
रात्री दहिवर, उणे दोन.
सँडविचेस, कॉफी, तसंच राहिलं सगळं.
काळ्या कोटांतली अख्खी मयत आमच्या उतारावर चढली,
बोदोआँ गोठ्यातला ओला पेंढा घेऊन,
ओमेर तीच कुदळ घेऊन.
फादर पहाटेपर्यंत धुन्या चाळवत होते
आणि खोकत होते.

उजाडताना पारा शून्याच्या वर, अर्धा अंश.
तेवढ्यानं भागतं.

बोदोआँ निघाला. तोंड काजळलेलं,
लग्नाकार्याचा एकुलता कोट धुरानं वाया गेलेला.
कुंपणाशी सवयीनं थांबला,
ओठ हलले, आणि लाजला.

"कुणी नाही," मी म्हणाले.