बोटभर खाली

चौतीस वर्षं यांनी
दुसऱ्यांचा माल तोलला.
मार्केट यार्डातला वजनकाटा, खिडकीतून हात,
भरली गाडी, रिकामी गाडी,
मधला फरक वहीत.
घरी यायचे तेव्हा नखांत हळद
आणि नजर अशी
की माझंही निव्वळ वजन
आत कुठंतरी लिहून ठेवलंय.

पुराच्या वर्षी
आयर्विन पुलावरचे आकडे रोज बदलत होते.
गावभागातल्या आमच्या घरात
फ्रीज तरंगत तरंगत
स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत आला
आणि पाहुण्यासारखा दारात अडून बसला.
माळ्यावरून आम्ही दोघं बघत होतो.
हे म्हणाले, "राजमती, त्रेसष्ट किलो.
तो तरंगतोय,
आणि आपण अडकलोय."

भीतीनं बोलतायत, वाटलं.
पाणी ओसरलं, चिखल निघाला,
भिंतीवरची रेघसुद्धा रंगाखाली गेली.
ते वाक्य गेलं नाही.

रिटायर झाले त्या थंडीत
हरिपूरच्या सदा आंबीकडून यांनी जुनी नाव घेतली.
वर बांबूच्या कमानी, कमानींवर ताडपत्री.
थोरल्यानं पुण्याहून फोन केला,
"बाबांना डॉक्टरकडं नेलंस का?"
नेलं होतं.
शुगरसुद्धा निघाली नाही.

मग घर तोलायला काढलं.
मिक्सर साडेचार. नणंदेला.
पलंगाला दोन हमाल लागले.
आरसा कशाला, म्हणाले, नदी आहे की.
गीझर भिंतीतून उपटला तेव्हा मात्र मी रडले.
पोरीच्या फीसाठी पाटल्या मोडल्या,
तेव्हाही एवढी रडले नव्हते.
हसू नका.
साठीतल्या गुडघ्यांना विचारा
गरम पाणी म्हणजे काय.

बस्तीत महाराजांनी एकदा
अपरिग्रहावर दोन तास प्रवचन दिलं होतं.
मी मागच्या रांगेत बसून
नव्या कुकरचा विचार करत होते.

नावेच्या नाळेला यांनी तांबडी रेघ ओढली.
"पाणी इथवर. ह्याच्या वर संसार नको."

आता दिवस मावळायच्या आत जेवतो.
तसं आमच्यात आधीपासूनच,
फक्त आता दिवाच नाही, म्हणून व्रत सोपं झालंय.
संगमावर वारणेचं पाणी आणि कृष्णेचं पाणी
बराच वेळ शेजारी शेजारी चालतं,
नव्या जावांसारखं, ओळख न देता.
पलीकडच्या वाळूवर मगर ऊन खाते.
सदा म्हणतो, तिची हद्द वेगळी.
तिला कुणी सांगितलंय का, ते तो सांगत नाही.
मी बादलीनं पाणी ओढते,
हात नदीत घालत नाही.

हे एकदा पेन्शनीच्या कामाला गेले,
त्या दिवशी सदाला हाताशी धरून
माहेरचं जातं नावेवर आणलं.
दोन्ही तळ्या, खुंट्यासकट,
नाळेत, पोत्याखाली.

सकाळी हे दात घासत उभे.
तांबडी रेघ बोटभर पाण्यात.
दोनशे ग्रॅमला ज्यांनी कधी गाडी सोडली नाही
ते बराच वेळ रेघेकडं बघत राहिले.
चूळ भरली.
म्हणाले, "वरनं आज पाणी जड आलंय."

दुपारी त्यांनी सदाच्या हाती
एक गाठोडं काठावर धाडलं.
ते खणखणलं.
यार्डातली जुनी लोखंडी वजनं
केव्हाच जमा केली, असं मला सांगितलं होतं.
मीही काही बोलले नाही.

संध्याकाळी पोतं बाजूला केलं,
मूठभर नाचणी घातली.
जातं फिरायला लागलं
तशी नावही जागच्या जागी हलके वळायला लागली,
चिंचेची झाडं, देवळाचं शिखर, वाळू, मगर,
सगळं एकदा माझ्यासमोरनं गेलं.
हे वाकून नाळेकडं बघत होते.

रेघ वर आली होती.
पुरती नाही.
अजून अर्धं बोट खाली होती.

ते कुणाचं,
आम्ही काढलं नाही.